सायगॉनला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामच्या सहलीत हानोई आणि दा नांगला भरपूर दिवस मिळतात. दक्षिणेकडच्या या सगळ्यात मोठ्या शहराच्या वाट्याला मात्र येतो कू चीचे युद्धकाळातले बोगदे बघायला जाताना खिडकीतून पाहण्याचा एक तास. ओळखीतले, नात्यातले आणि सोसायटीतले लोक निघण्यापूर्वी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हो ची मिन्ह सिटी आणि सायगॉन एकच का?

एकच. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामचं सरकार पडलं आणि जुलै १९७६ मध्ये शहराला उत्तर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं नाव मिळालं. तरी विमानतळाचा कोड आजही ‘एसजीएन’ आहे, रेल्वे स्टेशनचं नाव सायगॉन आहे आणि रिक्षावाल्यापासून कॉफीवालीपर्यंत सगळे सायगॉनच म्हणतात. तुम्हीही म्हणा, कुणी रागावत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र अधिकृत नाव येतं.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. जुलै २०२५ मध्ये बिन्ह युओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे शेजारचे प्रांत या शहरात विलीन झाले आणि ‘डिस्ट्रिक्ट १’, ‘डिस्ट्रिक्ट ३’ ही प्रशासकीय विभागणी रद्द झाली. कागदोपत्रीच. हॉटेलं, टॅक्सीवाले आणि स्थानिक लोक अजून ‘डिस्ट्रिक्ट १’ म्हणूनच पत्ता सांगतात, म्हणून मीही खाली तेच वापरलंय.

किती दिवस ठेवायचे? टूरवाले एकच रात्र देतात.

तीन रात्री ठेवा. इथल्या नावाजलेल्या इमारती पाहायला खरं तर एक सकाळ पुरते. बहुतेक सगळ्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हणूनच टूरवाल्यांना वाटतं की एका रात्रीत शहर उरकलं. पण सायगॉन इमारतींसाठी पाहायचं शहर नव्हे. पहाटे साडेपाचला बागेत चाललेला व्यायाम, दुपारच्या उन्हात ओस पडलेले फुटपाथ आणि संध्याकाळी सहानंतर त्याच फुटपाथांवर मांडलेली गुडघ्याएवढ्या उंचीची प्लास्टिकची स्टुलं, हे पाहायला मुक्काम लागतो. एक दिवस मध्यवर्ती भागाला, एक कू चीला आणि एक चोलोन ही चिनी वस्ती व नदीला, असा हिशोब धरा. चौथा मिळाला तर मेकाँगला जा.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये घामाच्या धारा लागतात. मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो, पण कोकणासारखी दिवसदिवस झड नसते. बहुधा दुपारी ढग दाटून येतात, तास-दीड तास कोसळतो आणि संध्याकाळी रस्ते वाळलेले असतात. पावसाळ्यात गेलात तर बाहेरची सगळी फिरती सकाळी उरका आणि दुपार म्युझियमला ठेवा.

तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, तेवढं सांभाळा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य यांत ते कधीतरी येतं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात अर्धं शहर गावाला जातं, छोटी हॉटेलं-दुकानं बंद राहतात आणि भाडी चढतात. दुसऱ्या बाजूने, न्गुएन ह्वे रस्त्यावरची फुलांची आरास त्याच दिवसांत असते. फोटोंची हौस असेल तर जा, खरेदीची असेल तर टाळा.

व्हिसाचं काय? एजंट हवाच का?

नको. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, पण ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. फी परत मिळत नाही. अर्ज सरकारी साइटवरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना, हे बघून घ्या, कारण सर्चमध्ये वर येणाऱ्या बऱ्याच साइट खासगी एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. कामकाजाचे तीन दिवस लागतात असं सांगतात. तुम्ही दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतील तर अर्जातही दोन्ही, त्याच क्रमाने लिहा. तिकीटही तसंच काढा. मंजुरी आली की नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर लावून तपासा आणि दोन छापील प्रती जवळ ठेवा.

पोचायचं कसं?

मुंबईहून थेट विमान आहे, साधारण पाच तास. घड्याळ दीड तास पुढे करा. तान सोन न्यत विमानतळ शहरातच आहे, डिस्ट्रिक्ट १ पासून सात-आठ किलोमीटर. पण गर्दीच्या वेळी तेवढ्यालाच पाऊण तास लागतो. बाहेर पडताच अंगावर येणाऱ्या ‘टॅक्सी, टॅक्सी’वाल्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि ‘ग्रॅब’ ॲपवरून गाडी बोलवा. भाडं आधीच दिसतं, भाषेची अडचण येत नाही. ॲप भारतातूनच उतरवून, फोन नंबर जोडून निघा. तिथे ओटीपीच्या भानगडीत विमानतळावरच अर्धा तास जातो. ॲप नको असेल तर मीटरच्या टॅक्सीत विनासुन (पांढरी) आणि माई लिन्ह (हिरवी) ही जुनी, भरवशाची नावं आहेत.

पैसे कसे न्यावेत? हजारो-लाखोंच्या नोटांचा घोळ होत नाही का?

होतो. एका रुपयाला साधारण तीनशे दोंग मिळतात; दर रोज हलतो, पण अंदाजाला हे पुरे. सोपी रीत अशी: किमतीतली शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनाने गुणा. पन्नास हजार दोंगची कॉफी म्हणजे पन्नास गुणिले साडेतीन, पावणेदोनशे रुपये. पाच-दहा रुपये जास्तच येतील, पण खर्चाचा अंदाज वरच्या बाजूने चुकलेला बरा.

खरा धोका रंगांचा आहे. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. रात्रीच्या टॅक्सीत, पिवळ्या दिव्याखाली, एकीच्या जागी दुसरी सहज जाते आणि सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे रुपये हातचे जातात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने म्हणा.

भारतातून डॉलर नेऊन तिथे बदलणं सगळ्यात सोयीचं. कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. डाग असलेली नोट परत मिळते. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, फुटपाथवर रोखच.

राहायचं कुठे?

बेन थान्ह बाजार ते नदी या पट्ट्यात कुठेही. पहिल्यांदा जाणाऱ्याने यापलीकडे डोकं चालवायची गरज नाही. बुई विएन रस्त्याच्या आसपास हॉटेलं स्वस्त आहेत, पण तिथला धांगडधिंगा पहाटेपर्यंत चालतो. आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर तिथून निदान दोन गल्ल्या लांब राहा.

रस्ता ओलांडायचा कसा? व्हिडिओ बघूनच घाम फुटतो.

शहरात सत्तर लाखांहून जास्त मोटारसायकली आहेत, आणि संध्याकाळी पाच वाजता त्या सगळ्या आपल्याच चौकात आल्यात असं वाटतं. शिवाय वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे आपली मान सवयीने उलट्या बाजूला वळते. आधी डावीकडे बघा.

मग असं करा. फुटपाथच्या कडेला उभं राहून रस्ता रिकामा व्हायची वाट पाहू नका. तो होत नाही. बस किंवा ट्रक येत नाही एवढं बघा, हात थोडा पुढे धरा आणि चालू लागा. हळू, पण एकाच वेगाने. समोरचा स्कूटरवाला तुमचा वेग बघून आपली वाट आधीच ठरवतो. तीन मीटरवरून तो किंचित हँडल वळवतो, एक तुमच्या पुढून जातो, दुसरा पाठीमागून, आणि कुणी ब्रेकही लावत नाही. घोटाळा होतो तो तुम्ही मध्येच थबकलात, धावलात किंवा एक पाऊल मागे घेतलंत तर. पुण्यात वाढलेल्यांना आत्मविश्वास असतो, पण आपल्याकडची दोन पावलं पुढे, एक मागे ही सवय तिथे नडते. मुलांचा हात धरा, म्हाताऱ्यांना प्रवाहाच्या पलीकडच्या बाजूला घ्या. फारच भीती वाटली तर एखाद्या स्थानिक आजीच्या शेजारी उभे राहा आणि ती निघाली की निघा.

स्वतः स्कूटर भाड्याने घेऊ का, असं तरुण मंडळी विचारतात. नका घेऊ. परवान्याचा प्रश्न आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच विचारते. ग्रॅबची बाइक बोलवा, मागे बसा, हेल्मेट तो देतो.

एका सकाळी काय काय पाहून होतं?

सकाळी साडेसातला नोत्र दाम कॅथेड्रलपाशी या. फ्रेंचांनी १८७७ ते १८८० मध्ये बांधलेलं हे लाल विटांचं चर्च. सामान थेट फ्रान्सहून जहाजाने आणलं होतं. दोन मनोऱ्यांची टोकदार शिखरं मागाहून, १८९५ मध्ये चढली. सध्या मात्र तुम्हाला बरीचशी परांची दिसेल. २०१७ पासून दुरुस्ती चालू आहे आणि ती २०२७ पर्यंत चालेल असं जाहीर झालंय. बाहेरून फोटो काढा आणि रस्ता ओलांडून पोस्टात शिरा.

सेंट्रल पोस्ट ऑफिस १८९१ मध्ये पूर्ण झालं. ‘आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधलं’ असं गाईड छातीठोकपणे सांगतात. तसं नाही, आराखडा आल्फ्रेड फुलू या फ्रेंच वास्तुविशारदाचा. आत गेल्यावर आधी डावी-उजवीकडच्या भिंती बघा. एकीवर १८९२ च्या सायगॉनचा आणि आसपासचा रंगवलेला नकाशा आहे, दुसरीवर १९३६ चा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या तारायंत्राच्या लाइनींचा. वर हिरव्या रंगाच्या लोखंडी कमानी, खाली नक्षीच्या फरश्या, कडेला लाकडी टेलिफोन बूथ आणि समोरच्या भिंतीवर हो ची मिन्ह यांची मोठी तसबीर. हे चालू पोस्ट आहे, प्रदर्शन नव्हे. कार्ड घ्या, तिकीट लावा, घरच्या पत्त्यावर टाका. शेजारच्याच गल्लीत पुस्तकांच्या दुकानांचा रस्ता आहे, तिथे सावलीत बसून कॉफी पिता येते.

तिथून दहा मिनिटं चालत स्वातंत्र्य प्रासाद, म्हणजे इंडिपेन्डन्स पॅलेस. सकाळच्या तीन ठिकाणांपैकी वेळ द्यायचा तो इथे. जुना फ्रेंच राजवाडा होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्याच हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह जिएम यांना मारण्यासाठी त्यावर बॉम्ब टाकले. मग न्गो विएत थू या व्हिएतनामी वास्तुविशारदाने सध्याची इमारत उभी केली, ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. दर्शनी भागावर बांबूच्या पेरांसारखे दगडी खांब आहेत. ऊन अडतं आणि वारा आत येतो, एसीपेक्षा बरं काम करतात. वरच्या मजल्यांवर दिवाणखाने, जुगाराची खोली, सिनेमाचं छोटं थिएटर. गच्चीवर हेलिकॉप्टर उभं आहे आणि ८ एप्रिल १९७५ ला पडलेल्या बॉम्बच्या जागी लाल वर्तुळं काढलेली आहेत. तो बॉम्ब टाकणारा वैमानिकही दक्षिणेच्याच हवाई दलातला होता, आतून उत्तरेला मिळालेला.

तळघर चुकवू नका. अरुंद बोळ, भिंतभर नकाशे, रांगेने मांडलेले जुने वायरलेस आणि टेलिफोन. वरच्या मखमली खुर्च्या बघून आल्यावर सरकार शेवटी कुठून चालत होतं ते इथे कळतं. बाहेर हिरवळीवर दोन रणगाडे आहेत. ३० एप्रिलला उत्तरेच्या फौजेतला जो फाटक तोडून आत आला, तो ३९० क्रमांकाचा. ८४३ बाजूच्या फाटकात अडकला, पण त्याच्या प्रमुखाने उडी मारून पळत जाऊन गच्चीवर झेंडा लावला. इथे उभे आहेत ते त्याच जातीचे दुसरे. मूळ दोन्ही हानोईत आहेत.

वॉर रेम्नंट्स म्युझियम लहान मुलांना दाखवावं का?

दहा वर्षांच्या आतल्यांना नको. अंगणातली विमानं आणि रणगाडे बघू द्या, एकाने मुलांना घेऊन बाहेर बसा आणि आत आळीपाळीने जा. अमेरिकेने युद्धात जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनाच्या दालनात जन्मजात व्यंग असलेल्या मुलांचे फोटो आहेत, आणि ते बघून मोठी माणसंही बाहेर येऊन बाकावर गप्प बसलेली दिसतात.

मोठ्यांनी मात्र जावंच. म्युझियम सप्टेंबर १९७५ मध्ये, युद्ध संपून चार-पाच महिने झाले तेव्हा उघडलं. मांडणी जिंकलेल्या बाजूची आहे, मजकूरही त्याच सुराचा. ते लक्षात ठेवून वाचा. ‘रेक्विएम’ नावाच्या दालनात युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो आहेत आणि त्यांत दोन्ही बाजूंचे छायाचित्रकार आहेत. ‘सगळ्यात जास्त वेळ मी तिथे घालवला असता,’ असं पाहून आलेले बरेच जण सांगतात. दीड-दोन तास ठेवा आणि त्याच दिवशी कू ची ठेवू नका. एका दिवसात एवढं युद्ध झेपत नाही.

कू चीचे बोगदे: बेन दिन्ह की बेन युओक?

दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि तिकीट काढण्यापूर्वी कोणतं ते विचारून घ्या. बेन दिन्ह जवळ, म्हणून सगळ्या बसेस तिथेच जातात. बेन युओक लांब, पण शांत, आणि तिथे युद्धात पडलेल्या ४४ हजारांहून अधिक लोकांची नावं कोरलेलं स्मारक-मंदिर आहे. वेळ असेल तर मी बेन युओकच सुचवेन.

बोगदे खणायला सुरुवात झाली ती फ्रेंचांविरुद्ध, १९४० च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकन युद्धाच्या काळात जाळं सुमारे अडीचशे किलोमीटरचं झालं. तीन थर, त्यांत स्वयंपाकघरं, दवाखाने, सभेच्या खोल्या. चुलीचा धूर लांब नळ्यांतून फिरवून जमिनीलगत, पहाटेच्या धुक्यात सोडत. पर्यटकांसाठी काही भाग रुंद केलाय, तरी ओणवं होऊनच जावं लागतं आणि आत दमट उकाडा असतो. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी वरच थांबावं; वरही बघण्यासारखं पुष्कळ आहे. मध्ये बाहेर पडायला वाटा आहेत, लाजू नका.

शेवटी उकडलेला कंद खायला देतात, सोबत शेंगदाणे, तीळ आणि मीठ एकत्र कुटलेलं. हा कसावा, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच. युद्धकाळात लढणाऱ्यांचं हे रोजचं जेवण होतं. आपल्या बायका-माणसांना ते फार आवडतं आणि ‘उपासाला चालेल का’ यावर तिथेच चर्चा होते. दुरून ठो-ठो आवाज येत राहतो तो गोळीबाराच्या रेंजचा. पैसे देऊन खऱ्या बंदुकीतून गोळ्या झाडता येतात. मला तो प्रकार त्या जागी खटकतो, पण रांग असते.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उत्तम होईल, शब्द माहीत असला तर. दुकानाच्या पाटीवर ‘चाय’ (रोमनमध्ये सी-एच-ए-वाय) दिसलं की ते शाकाहारी. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी खातो. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात. त्या दिवशी तर गाड्यागाड्यांवर चाय मिळतं. साध्या चाय खानावळीत काचेमागे दहा-बारा भाज्या मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. मटणासारखं दिसणारं सोयाबीन किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं, घाबरू नका. कडक बौद्ध खानावळीत कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींनी हे लिहून ठेवावं.

चाय नसलेल्या साध्या हॉटेलात ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. भाजी मांसाशिवाय येते आणि वर माशाचा सॉस, नुओक माम, घातलेला असतो. फो या नूडल सूपमध्ये हाडांचा रस्सा असतो. तिथे फक्त फळं, नारळपाणी, लिंबू-संत्र्यासारखं आंबट फळ पिळलेला उसाचा रस आणि अंडं चालत असेल तर अंड्याचा बान्ह मी पाव. मांसाहारी मंडळींनी ‘कोम ताम’ खायलाच हवं. तुकडा तांदळाचा भात आणि भाजलेलं डुकराचं मांस, सायगॉनचा खरा नाश्ता. पोळी-भाजीवाचून अगदीच करमेना तर बुई विएनच्या परिसरात भारतीय हॉटेलं आहेत, पण तिसऱ्या दिवसाआधी तिकडे वळू नका.

तिथली कॉफी एवढी का गाजते?

कारण ती कडक असते आणि तिला वेळ लागतो. व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात जगात ब्राझीलखालोखाल आहे, आणि बहुतेक पीक रोबस्टा या कडक जातीचं. पेल्याच्या तळाशी बोटभर घट्ट गोड दूध, वर ‘फिन’ नावाचा पत्र्याचा छोटा गाळणा. त्यातून काळी कॉफी थेंब थेंब पडत राहते, चार-पाच मिनिटं. थेंब थांबले की ढवळा आणि बर्फाच्या ग्लासात ओता. ही ‘का फे सूआ दा’. कडक झेपत नसेल तर ‘बाक सीऊ’ मागा, त्यात दूध जास्त. बरोबर फुकटचा थंड चहा येतो. आपला आल्याचा चहा विसरा. अंड्याची कॉफी हवी असेल तर ती हानोईत प्या, तिथली आहे.

देवळं आहेत का?

आहेत, आणि हे कुणी आधी सांगत नाही. बेन थान्ह बाजारापासून पाच मिनिटांवर, चुओंग दिन्ह रस्त्यावर मारियम्मनचं देऊळ आहे. फ्रेंच काळात इथे आलेल्या तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं. आज तिथे भारतीय थोडे आणि व्हिएतनामी भाविकच जास्त. गाभाऱ्यामागे जा: बायका दगडी भिंतीला कपाळ टेकवून, दोन्ही तळवे दगडावर ठेवून, पुटपुटत देवीला आपलं गाऱ्हाणं सांगत असतात. कपाळ टेकून टेकून तिथला दगड गुळगुळीत झालाय. दोंग झू रस्त्यावर दक्षिण भारतातल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी १९३५ मध्ये बांधलेली मशीदही आहे.

चिनी देवळांत दोन पाहा. जेड एम्परर पॅगोडा (१९०९) अंधारा, धुपाने काळवंडलेला. लाकडावर कोरलेले नरकाचे दहा दरबार बघायला मुलं खिळून राहतात. दुसरं चोलोनमधलं थिएन हाऊ, समुद्रदेवतेचं. छतापासून उदबत्तीच्या प्रचंड गुंडाळ्या लोंबत असतात, त्यांना नवस करणाऱ्यांच्या नावाच्या लाल चिठ्ठ्या. राख डोक्यावर पडते, पांढरा शर्ट घालू नका. गुडघे-खांदे झाकलेले कपडे सगळीकडेच बरे.

व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे म्हणतात, तो कुठे पाहायचा?

हो ची मिन्ह शिवाजी महाराजांना गुरू मानत आणि त्यांच्या समाधीवर तसं कोरलंय, हा व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड सगळ्यांना आलाय. शहरात असा पुतळा नाही, आणि त्यातल्या ‘मी शिवाजी महाराजांचा मावळा’ छाप समाधीलेखालाही कसला आधार नाही. ज्या हो ची मिन्ह यांच्याबद्दल ते फिरतं, त्यांची समाधी हानोईत आहे. बेन थान्ह बाजारासमोर पूर्वी एक अश्वारूढ पुतळा होता. तो चान न्गुएन हान या पंधराव्या शतकातल्या सेनापतीचा, आणि मेट्रोच्या कामात २०१४ मध्ये हलवला. गाईडला विचारून त्याला पेचात टाकू नका.

त्याऐवजी नदीकाठी मे लिन्ह चौकात जा. तिथे उंच चौथऱ्यावर, बोट नदीकडे दाखवत उभा आहे तो चान हुंग दाओ. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या फौजा परतवणारा. १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या पात्रात त्याने लोखंडी टोकांचे खांब रोवून ठेवले आणि ओहोटीत शत्रूची जहाजं त्यांवर अडकवली. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगायला कुठला फॉरवर्ड लागत नाही. भारताची खूणच हवी असेल तर ताओ दान बागेत महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला.

उंचावरून शहर बघायला बिटेक्स्को की लँडमार्क ८१?

बिटेक्स्को टॉवर (२६२ मीटर) शहराच्या मधोमध, म्हणून तिथून ओळखीच्या जागा दिसतात. लँडमार्क ८१ (४६१ मीटर) देशातली सगळ्यात उंच इमारत, पण लांब. दोन्हींची तिकिटं महाग आहेत. माझं ऐकाल तर ते पैसे वाचवा आणि बाक दांग धक्क्यावरून वॉटर बस पकडा. तिकीट पंधरा हजार दोंग, म्हणजे पन्नास रुपये. सूर्यास्ताच्या फेऱ्या भरतात, दुपारीच तिकीट काढा.

मेट्रो उपयोगी आहे का?

एकच लाइन, बेन थान्ह ते सुओई तिएन, २२ डिसेंबर २०२४ पासून. बघायच्या जागा तिच्यावर फारशा नाहीत, पण बेन थान्हचं भुयारी स्टेशन झकास आहे आणि एसीत दहा मिनिटं बसायला मिळतं.

खरेदी आणि घासाघीस?

बेन थान्ह बाजार १९१४ चा, घड्याळाच्या बुरुजासाठी प्रसिद्ध. आत भाव पर्यटकांचे. निम्म्यापासून सुरू करा, हसत करा, आणि घ्यायचं नसेल तर भाव विचारूच नका. विचारून पाठ फिरवली तर तोंडावर बोलतात. घाऊक माल बघायचा असेल तर चोलोनमधलं बिन्ह ताय मार्केट, मस्जिद बंदरची आठवण येईल. तिथे एकेक नग मिळेलच असं नाही.

रात्री फिरणं सुरक्षित आहे का?

माणसांची भीती नाही. बायका एकट्या उशिरापर्यंत फिरतात. फोनची भीती आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघताना मागून मोटारसायकल येते आणि हातातला फोन जातो. नकाशा बघायचा तर दुकानात शिरा. पर्स आडवी, भिंतीच्या बाजूला. मंगळसूत्र, सोनसाखळी घरीच ठेवा.

मेकाँगची एक दिवसाची सहल घ्यावी?

मी थो आणि बेन चे इथली सहल सोपी, पण बरीचशी नारळाच्या वड्या आणि मधाच्या दुकानांतून फिरवण्याची. नदी खरंच बघायची तर कान थो इथे एक रात्र राहा आणि पहाटे काय रांगचा तरंगता बाजार बघा. तोही पूर्वीपेक्षा आटलाय. रस्ते झाले, तसे व्यापारी जमिनीवर आले.

येताना काय आणावं?

कॉफी, फिन, काजू आणि सुकवलेला फणस. कॉफी सुपरमार्केटातून घ्या. बाजारातल्या सुट्या पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. हौसेने नुओक मामची बाटली घेतलीत तर हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि चेक-इनमध्ये टाकण्यापूर्वी एअरलाइनला विचारा. काही कंपन्या वासामुळे तीही घेत नाहीत.